फाउंडेशनकडे मागायला जाण्याआधी: नाशिकच्या नव्या गटांसाठी

‘मायको सर्कलला सोडा’ असं आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो. मायको नावाची कंपनी आता नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं नाव २००८ साली बॉश लिमिटेड झालं. सातपूरचा कारखाना तिथेच राहिला आणि सर्कलचं नाव काही बदललं नाही. नव्याने सामाजिक काम करू पाहणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मी या सर्कलपासूनच सुरुवात करते.

कारण असं, की बॉशच्या जर्मनीतल्या मूळ कंपनीचे सुमारे ९४ टक्के भाग (शेअर) एका धर्मादाय फाउंडेशनकडे आहेत. रॉबर्ट बॉश श्टिफ्टुंग, श्टुटगार्ट, स्थापना १९६४. कंपनीच्या नफ्यातला लाभांश या फाउंडेशनकडे येतो आणि तो आरोग्य, शिक्षण, लोकशाही, विषमता अशा कामांवर खर्च होतो. गंमत म्हणजे भाग फाउंडेशनचे असले तरी कंपनीत मत देण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही, तो वेगळ्या मंडळाकडे आहे. म्हणजे धंदा चालवणारे वेगळे आणि दानधर्म करणारे वेगळे.

हे ऐकलं की पोरं लगेच विचारतात, ‘मग ताई, अर्ज सातपूरच्या गेटवर द्यायचा का?’ नाही. भारतातल्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे कायद्याने करावा लागणारा सामाजिक कामावरचा खर्च, हा एक खिसा, जर्मनीतलं फाउंडेशन हा दुसरा आणि कामगारांनी आपसात जमवलेली वर्गणी हा तिसरा. सर्कलला नाव एकच असलं तरी पैसे तीन प्रकारचे आहेत आणि त्यांचे नियमही तीन. नव्या गटाची पहिली दोन वर्षं बहुतेक वेळा चुकीच्या खिशात हात घालण्यात जातात.

मी वीसेक वर्षं नाशिकमधल्या लहान संस्थांचे प्रस्ताव आणि हिशेब लिहिते. त्यातून जे उमगलं ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: मागायचं काय ते ठरवा

सिडकोतल्या एका तरुण गटाने मला त्यांचा पहिला प्रस्ताव दाखवला होता. ‘गरीब रुग्णांसाठी शस्त्रक्रिया निधी, रुपये दहा लाख.’ तळमळ खरी होती. पण दहा लाखांत मोठ्या शस्त्रक्रिया अशा किती होणार? बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसल्या असत्या, तिथे कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे सरकार जे द्यायला बांधील आहे, त्यासाठी हे पोरगे दारोदार फिरणार होते.

मी त्यांना विचारलं, तुमच्या वस्तीतल्या किती जणांना योजना नाकारली गेली, आणि का? कुणाच्या रेशनकार्डात सुनेचं नाव नव्हतं. कुणी योजनेत नसलेल्या रुग्णालयात आधी पैसे भरून बसलं होतं. कुणाला आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस, कोण तेच माहीत नव्हतं. खरी अडचण पैशांची नव्हती, पैशांपर्यंत जाण्याच्या वाटेची होती.

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: फाउंडेशनचा पैसा हक्काच्या बदल्यात मागू नका, हक्कापर्यंत पोचवणाऱ्या माणसासाठी मागा. आरोग्य असो, लोकशाही असो की समावेश, चांगलं फाउंडेशन यालाच पैसे देतं, कारण सरकार खाटेचे पैसे देतं पण त्या खाटेपर्यंत हात धरून नेणाऱ्याचे देत नाही.

दुसरी पायरी: देणारे ओळखा

नाशिकमध्ये पहिलं नाव निघतं देवस्थानांचं. मंदिरांचे ट्रस्ट, समाजांचे ट्रस्ट, एखाद्या घराण्याने आईवडिलांच्या नावाने काढलेला ट्रस्ट. इथे ओळख लागते, कागद कमी लागतात आणि मदत बहुधा वस्तूंची किंवा एकरकमी असते. वह्या, व्हीलचेअर, डायलिसिसचं मशीन. माणसाच्या पगाराला हे लोक क्वचितच पैसे देतात. ‘मानधन? सेवा म्हणून नाही का करता येणार?’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा आणि रागावू नका.

दुसरा खिसा सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर असेल, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत अशा कंपन्या आहेत, म्हणून सगळ्यांची नजर तिकडे. पण २०२१ पासून सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि कंपनीने किंवा सरकारने न काढलेल्या साध्या सार्वजनिक ट्रस्टला किंवा सोसायटीला त्यासाठी आयकराच्या दोन नोंदण्या (१२ए आणि ८०जी) आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. कालच उभ्या राहिलेल्या गटाने या रांगेत उभं राहू नये.

तिसरा खिसा म्हणजे अनुदान देणारी मोठी भारतीय फाउंडेशनं. टाटांचे ट्रस्ट सगळ्यांत जुन्यांपैकी: सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. अझीम प्रेमजी फाउंडेशन अलीकडचं. यांच्याकडे विषय जाणणारी माणसं असतात, ती दोन-दोन तास बसून प्रश्न विचारतात. पगाराला पैसे देतात, वर्षावर्षांसाठी देतात, पण कागद बारकाईने बघतात.

चौथा परदेशी. त्यासाठी एफसीआरए म्हणजे परकीय देणगी विनियमन कायदा २०१०. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च केलेले हवेत. पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. पूर्वी मुंबई-पुण्यातली मोठी संस्था पेठ-सुरगाण्यातल्या लहान संस्थेला आपल्या अनुदानातला वाटा द्यायची. ती वाट बंद झाली. माझ्या मते लहान संस्थांना याचा फटका सगळ्यांत जास्त बसला. तेव्हा श्टुटगार्टचा विचार तूर्त सोडून द्या.

तिसरी पायरी: कागद

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेकांचे पाय इथेच अडकतात.

महाराष्ट्रात धर्मादाय काम करणाऱ्या संस्थेची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली होते. नाशिकला धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय आहे, बोलताना सगळे त्याला चॅरिटी ऑफिसच म्हणतात. सात जण असाल तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. मग तिला दोन नंबर मिळतात: एक सोसायटीचा, दुसरा ट्रस्टचा, ‘एफ’ ने सुरू होणारा. नुसता ट्रस्ट केला तर ‘ई’. कुणी म्हणेल सेक्शन आठची, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी काढा, झटपट होते. होते, पण पुढची दरवर्षीची कंपनी कायद्याची कामं लहान गटाला जड जातात.

मग पॅन, बँक खाते, आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत). नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, पण बोलण्यात अजून बारा-ए आणि ऐंशी-जीच चालतं. अर्ज भरताना मात्र सीएला विचारूनच आकडा लिहा. देणगी रोखीने घेऊ नका. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही आणि मग तो तुमच्यावर चिडतो. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंद करून तो क्रमांकही घेऊन ठेवा, फुकट आहे.

आता आमचीच एक चूक सांगते. आमच्या संस्थेचे एक ज्येष्ठ विश्वस्त वारले. शोकसभा झाली, नव्या विश्वस्ताचा ठराव झाला, बँकेत सही बदलली, लेटरहेडही नवं छापलं. चॅरिटी ऑफिसला बदल अहवाल देणं मात्र राहिलं. कायद्याने तो ९० दिवसांत द्यायचा असतो. दोन वर्षांनी एका मोठ्या फाउंडेशनने अनुदान मंजूर केलं आणि पैसे सोडण्याआधी परिशिष्ट एकचा, म्हणजे चॅरिटी ऑफिसमधल्या विश्वस्तांच्या नोंदीचा ताजा उतारा मागितला. उताऱ्यावर वारलेले काका विश्वस्त म्हणून जिवंत, आणि प्रस्तावावर सही करणाऱ्या ताईंचं नावच नाही. अनुदान थांबलं. उशीर माफीचा अर्ज, तारखा, पुन्हा तारखा. सात महिने गेले. ज्या मुलीला आम्ही त्या कामासाठी नेमणार होतो तिने तोवर कॉलेज रोडवरच्या एका दुकानात नोकरी धरली. चूक पूर्णपणे आमची होती.

तेव्हा प्रोसिडिंग बुक (बैठकांच्या ठरावांची वही), बदल अहवाल आणि दरवर्षीचं ऑडिट या तीन गोष्टींची जबाबदारी एकाच माणसावर टाका आणि तो माणूस अध्यक्ष नसू द्या. अध्यक्षांना भाषणं असतात.

चौथी पायरी: आरोग्याचं काम, म्हणजे असलेली खाट मिळवणं

यावर जरा जास्त लिहिते, कारण इथे थोड्या पैशांत खूप होतं.

अनेक मोठी खासगी वाटणारी रुग्णालयं कागदावर सार्वजनिक विश्वस्तसंस्था असतात. त्यांना करात आणि इतर सवलती मिळतात. त्याबदल्यात विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. शिवाय रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात ठेवायची. तातडीचा रुग्ण असेल तर त्याला आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिट मागायचं नाही. हे काही डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

म्हणजे ज्याला आपण फाउंडेशन म्हणून शोधतोय, तसाच एक धर्मादाय निधी शहरातल्या रुग्णालयांत आधीच पडून असतो.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहा. सुरगाणा तालुक्यातून एक मावशी आल्या होत्या, नवऱ्याला घेऊन. पहाटेच्या एसटीने सीबीएसला उतरल्या, तिथून सिव्हिलला. सिव्हिलमध्ये जी तपासणी होत नव्हती तिच्यासाठी त्यांना एका धर्मादाय रुग्णालयात पाठवलं. काउंटरवर पहिला प्रश्न: ‘डिपॉझिट किती भरता?’ मावशींच्या हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी घालून घालून फाटत आलेलं पिवळं रेशनकार्ड, आधार आणि जुने एक्स-रे. आमची मदतनीस तिथे उभी होती. तिने पिशवी घेतली नाही. म्हणाली, ‘मावशी, रेशनकार्ड तुम्हीच काढून दाखवा त्यांना.’ कार्डावर मावशींचं नुसतं नाव, आधारवर त्याच नावापुढे ‘बाई’ जोडलेलं. क्लार्क म्हणाला नाव जुळत नाही. मग वैद्यकीय समाजसेवकाचा टेबल कुठे आहे ते शोधणं, स्वयंघोषणापत्र लिहिणं, उत्पन्नाचा दाखला गावाकडून फोनवर मागवणं. दुपारी अडीचला खाट मिळाली. औषधं निर्धन रुग्ण निधीतून.

त्या दिवशी आमच्या संस्थेचा खर्च किती झाला? मदतनिसाचा एका दिवसाचा पगार, झेरॉक्सचे बावीस रुपये आणि दोन चहा.

नव्या गटाने शिकायची कामं अशी आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर धर्मादाय रुग्णालयांची यादी आहे, ती काढा आणि आपल्या भागातली खूण करून ठेवा. प्रत्येक ठिकाणी जाऊन वैद्यकीय समाजसेवक कोण, ते कधी बसतात हे पाहून या, भांडण होण्याआधी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून निघतो, वस्तीतल्या लोकांना तो आजारी पडण्याआधीच काढायला लावा. आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. ‘लेखी द्या’ या दोन शब्दांनी किती खाटा रिकाम्या होतात हे मी पाहिलंय. तरीही नाहीच झालं तर तक्रार चॅरिटी ऑफिसला, तारीख, वेळ आणि रुग्णालयातल्या माणसाच्या हुद्द्यासह.

पाचवी पायरी: लोकशाहीच्या कामासाठी पैसे

इथे सावध चाला. सीएसआरमध्ये कुठली कामं बसतात याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे: भूक, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, ग्रामविकास, झोपडपट्टी विकास वगैरे. लोकशाही हा शब्द तिथे नाही, आणि राजकीय पक्षाला दिलेले पैसे सीएसआर धरले जात नाहीत. परदेशी पैसे तर उमेदवार, लोकप्रतिनिधी, राजकीय पक्ष यांना घेताच येत नाहीत. म्हणून या कामाला पैसे मुख्यतः भारतीय फाउंडेशनं आणि सामान्य देणगीदार देतात. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएमच्या काही प्राध्यापकांनी सुरू केलेली असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही देणग्यांवर चालणारी संस्था. उमेदवाराने आपले गुन्हे आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगायची, हे त्यांच्या न्यायालयीन लढ्यातून आलं. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले त्यातही ही संस्था याचिकाकर्ती होती.

आपल्या गटाला एवढ्या उंचावर जायची गरज नाही. नाशिक महापालिकेवर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते, निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. त्या काळात गटार तुंबलं तर कुणाच्या दारावर जायचं हा साधा प्रश्न होता. वस्तीतल्या बायकांनी माहिती अधिकारात अर्ज करायला शिकणं, हेही लोकशाहीचंच काम आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ.

गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, रामकुंडाच्या आसपास रात्री झोपणारी माणसं बघा. त्यांना वाटतं पत्ता नाही म्हणजे मत नाही. बेघर माणसालाही नमुना ६ भरून मतदार होता येतं. पत्त्याचा पुरावा नसला तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं असतं. अशा कामाला पैसे किती लागतात? थोडेच. पण रात्री अकराला कुणीतरी सोबत असावं लागतं.

तिसरं उदाहरण ग्रामीण भागातलं. पेठ, सुरगाणा, कळवण हे पेसा कायद्याचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याचे तालुके. तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी येतो आणि तो कसा खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. पाड्यावरच्या लोकांना निधीचा आकडा वाचून दाखवणं आणि ग्रामसभेची नोटीस वेळेवर लागली का ते पाहणं, एवढंच काम एखादा तरुण वर्षभर करू शकतो.

एक पथ्य पाळा. तुमच्या गटातला कुणी निवडणुकीला उभा राहणार असेल तर त्याने विश्वस्तपद आधी सोडावं, आणि संस्थेच्या बॅनरखाली निवडणुकीच्या काळात वाटपाचे कार्यक्रम नकोत. एका ठिकाणी मतदार जागृतीच्या पोस्टरवर विश्वस्तांचा हात जोडलेला फोटो छापला होता, तीन महिन्यांनी तेच गृहस्थ उमेदवार. देणाऱ्याने पुढचा हप्ता पाठवला नाही आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

काही जण ग्रामसभेचं प्रशिक्षण ‘ग्रामविकास’ म्हणून सीएसआरच्या प्रस्तावात गुपचूप घालतात. घालायचंच तर उघड लिहा. कंपनीच्या माणसाला पुढे पेपरात वाचून कळलं तर तो पुढच्या वर्षी फोन उचलणार नाही.

सहावी पायरी: समावेश

२ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला. ज्या गावात हे घडलं तिथे समावेश म्हणजे काय हे परिसंवाद घेऊन समजवायला नको. आत कोण येऊ शकत नाही, एवढंच बघायचं.

प्रस्तावात हे कसं दिसतं? तुमची बैठक दुसऱ्या मजल्यावर असेल आणि तुम्ही दिव्यांगांसाठी काम करता असं लिहिलं असेल तर फाउंडेशनचा माणूस जिना चढतानाच निर्णय घेऊन टाकतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, चाकाची खुर्ची हा त्यातला एकच भाग. बजेटमध्ये सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचे, सोबत येणाऱ्या माणसाच्या एसटीच्या तिकिटाचे, लेकरं सांभाळणाऱ्या मावशींचे पैसे वेगळे दाखवा. हा खर्च दिसला की वाचणाऱ्याला कळतं, या लोकांनी काम केलंय. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांतला निदान एक जण विश्वस्त मंडळात किंवा मानधनावर असू द्या. नुसत्या लाभार्थ्यांच्या यादीत असणं म्हणजे समावेश नव्हे.

सातवी पायरी: प्रस्ताव

चार पानं पुरतात. पहिल्या पानावर अडचण, तीही तुम्ही स्वतः मोजलेली. ‘जनजागृती’ हा शब्द मी नव्या गटांना एकदाच वापरू देते. तुम्ही काय करणार, कोण करणार, वर्षाअखेरीस काय मोजणार ते लिहा.

बजेट कसं असतं ते बघा. रुग्णालयात दोन मदतनीस, दरमहा प्रत्येकी १६,००० प्रमाणे वर्षाचे ३,८४,०००. प्रवास महिना ३,००० प्रमाणे ३६,०००. झेरॉक्स, दाखल्यांचं शुल्क १८,०००. फोन १२,०००. प्रशिक्षण १४,०००. हिशेब आणि ऑडिट २८,०००. बेरीज ४,९२,०००. बेरीज बरोब्बर पाच लाख आली तर पुन्हा करा. गोल आकडा आधी ठरवून खालचे आकडे भरले आहेत हे अनुभवी माणसाला लगेच दिसतं. आणि हिशेब लिहिणाऱ्याचे पैसे लाजून कापू नका, पुढे तेच महागात पडतं.

नकार आला तर कारण विचारा. निम्मे लोक सांगतात. आमचा एक प्रस्ताव तिसऱ्यांदा मंजूर झाला, कारण दुसऱ्या नकारानंतर फाउंडेशनच्या बाईंनी फोनवर वीस मिनिटं समजावून सांगितलं होतं.

आठवी पायरी: पैसे आल्यावर

वेगळं बँक खाते किंवा निदान वेगळी खातेवही. ज्या शीर्षाखाली पैसे आले त्याच शीर्षाखाली खर्च, बदल करायचा तर आधी ईमेल. दर तिमाहीला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला. जे जमलं नाही तेही अहवालात लिहा. ‘सहा महिन्यांत एकाही रुग्णालयाने लेखी नकार दिला नाही, तोंडी मात्र एकोणीस दिले’ हे वाक्य आमच्या अहवालातलं सर्वांत उपयोगी वाक्य ठरलं, देणाऱ्यांनी पुढच्या वर्षी वकिलाचे पैसे वाढवून दिले.

रुग्णाच्या हातात चेक देतानाचा फोटो मागणारे भेटतील. मी नाही म्हणते. अजून तरी फक्त त्या एका कारणावरून कुणी अनुदान परत घेतलेलं नाही.

आणि नोंदणी होईपर्यंत

नोंदणीला महिने जातात. तोवर पैसे गोळा करत फिरू नका. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी घ्यायची तर चॅरिटी ऑफिसची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. त्यापेक्षा एक लांब वही आणा, साठ-सत्तर रुपयांत मेन रोडला मिळते. पाच रकाने आखा: तारीख, गाव किंवा वस्ती, काय अडलं, कुणाशी बोललो, कधी सुटलं. नावं लिहायची नाहीत. सिव्हिलच्या ओपीडीबाहेर किंवा तुमच्या वॉर्डाच्या रेशन दुकानासमोर आठवड्यातून एक सकाळ बसा आणि लिहा. सहा महिन्यांनी शेवटचा रकाना किती ठिकाणी कोरा आहे ते मोजा. प्रस्तावाचं पहिलं पान तिथूनच लिहायला घ्या.